माझ्या अंगातली विमल

हे मी नागपूरच्या एका दवाखान्यात उशांना टेकून लिहिते आहे. हात थरथरतो, म्हणून ओळी तिरप्या जातात. मुलगा प्रमोद नंतर टाइप करून सरळ करील. ज्यांच्या घरी कोणाला रक्ताचा कर्करोग झाला आहे आणि आता दुसऱ्या माणसाचा बोनमॅरो घालायचं ठरतं आहे, त्यांच्यासाठी हे आहे. खरं तर बरी झाल्यावर लिहायचं होतं. पण ते बरं होणं कुठवर आलं आहे हे कोणी सांगत नाही, आणि वाट पाहण्यात मी कधीच हुशार नव्हते.

माझं नाव सिंधू. वय अठ्ठावन्न. लाखनीजवळच्या आमच्या गावात तीस वर्षं अंगणवाडी सेविका. म्हणजे आयुष्यभर मी दुसऱ्यांना तब्येतीचं शिकवलं. गुलाबी साडी, हातात तक्ता, आणि आवाज असा की तलावापलीकडे ऐकू जावा. त्या बाईची या पानांवर बरीच थट्टा येईल. मला तिची कीव येत नाही. मी आज इथे आहे ती निम्मी तिच्यामुळेच.

लोहाच्या गोळ्या

संक्रांतीनंतर मला धाप लागायला लागली. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं. मांडीवर निळे डाग उठले, तर मी म्हटलं खाटेचा कोपरा लागला असेल. आमच्या खाटेला कोपरे चार आणि माझ्या अंगावर डाग सतरा, पण हिशेब जुळवायची मला गरज वाटली नाही. सगळं माहीत असलेल्या बाईनं निदान आधीच करून टाकलं होतं: लोह कमी. किशोरवयीन मुलींसाठी आलेल्या लोहाच्या गोळ्या अंगणवाडीच्या कपाटात होत्या. त्या मीच खाल्ल्या, लपवून, महिनाभर.

ताप उतरेना तेव्हा प्रमोदनं मला गाडीवर बसवून लाखनीला नेलं. लॅबवाल्यानं रक्त घेतलं, तासाभरानं पुन्हा बोलावून पुन्हा घेतलं. मग त्यानं मला काही न सांगता प्रमोदला आत बोलावलं. मी बाहेर हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर बसले होते. प्रमोद बाहेर आला, माझ्याकडे न येता रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. समोरून ट्रक जात होते. तो ट्रक पाहत नव्हता. मी त्याची पाठ लहानपणापासून ओळखते. परीक्षेत नापास झाला तेव्हाही तो असाच उभा होता.

"काय म्हणते तो?" मी विचारलं.

"काही नाही आई. नागपूरला दाखवून घेऊ."

"काही नाही त नागपूर कायले?"

त्यानं उकळता चहा एका घोटात प्यायला. तोंड भाजलं असणार, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मला तिथेच कळलं. नागपूरच्या डॉक्टर मॅडमनं दुसऱ्या दिवशी फक्त नाव सांगितलं.

लोक विचारतात, ऐकल्यावर काय वाटलं. मला आठवतं ते एवढंच की मॅडमच्या टेबलावर एक पेला होता आणि त्यावर झाकण नव्हतं. मी मनात म्हटलं, पाणी झाकून ठेवायला पाहिजे. तीस वर्षांचा तक्ता डोक्यात फिरत होता, आणि त्या तक्त्यावर माझ्या आजाराचं चित्र नव्हतं.

सख्खी

केमोच्या दोन फेऱ्या झाल्या. केस गेले, नखं काळी पडली, आजार दबला. मॅडम म्हणाल्या, दबलेला आहे, गेलेला नाही. परत येईल. कोणाचा तरी बोनमॅरो मिळाला तर आशा आहे, आणि आधी सख्खी भावंडं तपासायची.

मला एकच भावंड, विमल. माझ्याहून सात वर्षांनी लहान, सानगडीला दिलेली. ती मला बाई म्हणते. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. घरात एकीलाच शिकवणं झालं, ती मी. विमल चौथीतून निघाली आणि रोवणीला जायला लागली, म्हणजे चिखलात वाकून धानाची रोपं लावायला. मीही सुट्टीत जायचे. पण दोन ओळी झाल्या की माझ्या पोटात दुखायचं. मी बांधावर आडवी होऊन असं कण्हायचे की आईचं काळीज हलायचं, आणि माझ्या ओळी विमल लावायची. वर मीच तिला सांगायचे, "तुले आईनं कोंडा देऊन घेतलं आहे. तू आमची नाहीस." ती रडायची. मला तिला रडवणं आवडायचं, कारण ती आवाज न करता रडायची. एवढं हुशार होतं ते ध्यान, म्हणजे मी, वर्गात पहिली येणारी.

तपासणीचा निकाल आला. मॅडम म्हणाल्या, "दहापैकी दहा जुळलं. फार नशीबवान आहात."

विमलनं मला सोडून मॅडमलाच विचारलं, "म्हंजे मी सख्खी आहे न, मॅडम?"

मॅडमला काही समजेना. मी मास्कच्या आत हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "कोंड्याचं खोटं होतं, विमल," मी म्हटलं.

"चाळीस वर्षं लागली तुले हे सांगाले."

तिला पाच दिवस इंजेक्शनं दिली, रक्तात बीजपेशी वाढाव्यात म्हणून. तिची हाडं ठणकायची. "कमरेत कोणी मुसळ हाणून राहिलं असं वाटते," म्हणायची, आणि लगेच, "पण चालते." मग मशीनला जोडून चार तास. गावात सगळ्यांना वाटत होतं की तिचं हाड फोडणार. ती दोन हातांत दोन सुया घेऊन गपचूप पडली होती.

त्याआधी मॅडमनं आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. विमलच्या पेशी तुमच्या अंगात जातील. उरलेला आजार शोधून मारतील, त्यासाठीच घालायच्या. पण त्यांना तुमची कातडी, आतडी, लिव्हर हेही परकं वाटू शकतं, आणि मग त्या त्यावरही चालून जातात. त्यांना आवरायला गोळ्या आहेत. तरीही तळहात-तळपाय लाल झाले, जुलाब झाले, डोळे पिवळे दिसले, यांतलं एक जरी झालं तरी फोन करायचा. त्याच दिवशी.

विमलनं शाळेतल्यासारखं म्हटलं, "त्याच दिवशी."

मी नुसती मान हलवली. मला कोण शिकवणार.

बाहेर आल्यावर विमल म्हणाली, "बाई, म्हंजे माझं रक्त तुले चावू शकते काय?"

"लहानपणी तू मले चावतच होती."

ती हसली नाही.

काच

प्रत्यक्ष दिवशी काही झालंच नाही. लाल पिशवी टांगली, नळीतून थेंब थेंब आली, तासाभरात संपली. मी एवढी तयारी करून बसले होते की मला फसवल्यासारखं वाटलं.

फसवणूक नंतरची होती. पिशवीच्या आधी दिलेल्या जबर केमोनं माझं रक्त मारून टाकलं होतं, त्यामुळे दहा-बारा दिवस माझ्या अंगात माझं रक्त उरलं नव्हतं आणि विमलचं अजून लागलं नव्हतं. तोंडात, घशात फोड. थुंकी गिळायची म्हणजे काच गिळायची. काचेच्या खोलीत मी एकटी. भेटायला येणारे काचेपलीकडून हात हलवायचे आणि मी माकडासारखे हात हलवायचे. सकाळी वजन, रक्त, ताप, गुळण्या. दुपारी रक्त चढवणं, ताप, गुळण्या. जेवणाचं ताट यायचं, तसंच जायचं. सिस्टर म्हणायच्या, "आजी, एक चमचा." मी म्हणायचे, "तुम्ही खा, तुमचंच पोट भरो." त्या चांगल्या होत्या. एकीनं माझ्या ओठांना तूप लावतात तसं मलम लावलं होतं, बोटानं, हळू. त्या काळात मला कोणी हात लावला तो तेवढाच, हातमोज्यातून. पण आठवतो.

एक दिवस मी सिस्टरला म्हटलं, हे सगळं बंद करा. ती म्हणाली, आता बंद करता येत नाही. जुनं परत येणार नाही. मी भिंतीकडे तोंड केलं आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाही. मला एवढी चूप माझ्या सासूनंही कधी पाहिली नसेल.

मग आकडे वर चढले. विमलच्या पेशी रुजल्या. मॅडम म्हणाल्या, हळूहळू तुमचा रक्तगटही बहिणीचा होईल. मी फोनवर विमलला सांगितलं. ती म्हणाली, "आता तरी रोवणीले येशील काय?"

मास्तर

माझ्या समोरच्या खोलीत बपेऱ्याकडचे एक मास्तर होते. वय पन्नाशीच्या आसपास, शाळेत शिकवणारे. त्यांना मुलाच्या पेशी दिल्या होत्या. आम्हाला मास्क लावून कॉरिडॉरमध्ये चालायला सोडायचे तेव्हा भेट व्हायची. मास्तर सगळं वहीत लिहायचे: ताप, पाणी किती प्यायलं, संडासला किती वेळा, कोणती गोळी किती वाजता. मी त्यांना रजिस्टर म्हणायचे.

"मास्तर, आज किती वेळा खोकले ते लिहिलं काय?"

"तीनदा, ताई. तुम्ही मोजत नाही?"

"मी तीस वर्षं गावाच्या पोरांचे जुलाब मोजले. आता रिटायर झाली."

ते हसायचे. सुटी मिळाल्यावर आम्ही दोघांनीही दवाखान्याजवळ भाड्याच्या खोल्या घेतल्या होत्या, तपासणीला सारखं यावं लागे म्हणून. मास्तरांनी उकळल्याशिवाय पाणी प्यायलं नाही, मास्कशिवाय दारात आले नाहीत, एक गोळी चुकवली नाही. थोडा खोकला आला त्याच दिवशी ते दवाखान्यात गेले. फुप्फुसात बुरशी निघाली. दसऱ्याच्या आधी ते वारले. त्यांच्या बायकोनं मला फोन केला. म्हणाली, "ताई, यांच्या वहीत तुमचा नंबर होता."

या जागी मला काहीतरी धीराचं लिहायला पाहिजे. माझ्याकडे ते नाही. मास्तरांनी सगळं नीट केलं होतं. मला एवढंच माहीत आहे की त्या फोननंतर माझ्या मनात एक गोष्ट बसली: सांगूनही काय होते. मी ती कोणाला बोलून दाखवली नाही. पण पुढं जे केलं त्यात ती होती.

मंडई

दिवाळीच्या आधी मला गावी सोडलं. सून अर्चनानं माझी खोली चुन्यानं रंगवून घेतली होती. गाई चुलत दिराच्या गोठ्यात नेल्या. शेणाचं सारवण बंद, तोरणाची फुलं बंद, ताजी कोथिंबीर बंद, अंगणात धानाचं मळणीयंत्र येणार होतं ते गावाबाहेर. माझं जेवण कुकरमध्ये वेगळं. अर्चना दारात उभी राहून प्रत्येकाचे हात धुऊन घ्यायची. दिवाळीला ती माहेरी गेली नाही. मी तिला ठाणेदारीण म्हणायचे. एकदा तिचा तोल गेला.

"आई, तुमच्यासाठीच करून राहिली न मी? मलेच काहून हसता?"

मला हसल्याशिवाय भीती आवरत नाही हे तिला सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाचा आपला दिवस. दुकानं, पाळणे, नाटक, आणि घरोघरी पाहुणे. वर्षभर न भेटलेली माणसं मंडईला भेटतात. आमच्या गावची मंडई नऊ दिवसांवर होती तेव्हा माझे तळहात लाल झाले.

मॅडमनं थोड्याच दिवसांपूर्वी आवरणाऱ्या गोळ्या कमी करायला सुरुवात केली होती. मी हात पाहिले आणि मला समजलं. न समजण्याएवढी मी मूर्ख नव्हते. दुसऱ्या दिवशी जुलाब लागले. आणि तरी मी फोन केला नाही.

का, ते सांगते. गावात सगळीकडे एकच बोलणं होतं: विमलनं बहिणीला जीव दिला. मंडईला विमल येणार होती. लोक तिला पाहायला येणार होते. जिला जन्मभर कोणी दोन शब्द चांगले बोलले नाहीत, जिनं माझ्या ओळी लावल्या म्हणून मी शिकले, तिला पहिल्यांदा कोणी पाटावर बसवणार होतं. आणि मी त्याच आठवड्यात सांगू की तुझं रक्त मला चावतं आहे? मंडई होऊ द्यावी, मग सांगू, असं ठरवलं. नऊ दिवसांनी काय फरक पडतो.

आणि मला उपाय माहीत होता ना. ट्रंकेत अंगणवाडीची जुनी ओआरएसची पाकिटं होती. त्या गुलाबी साडीवाल्या बाईनं गावातली दोन पिढ्यांची पोरं मीठ-साखरेच्या पाण्यावर आणि भाताच्या पेजेवर उभी केली होती. जुलाब म्हणजे जुलाब. मी दार लावून एक-एक पाकीट पाण्यात घोळायचे, प्यायचे आणि रिकामं पाकीट गादीखाली सरकवायचे. तक्त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं असायचं: लपवू नका, लगेच सांगा. ते दुसऱ्यांसाठी होतं. अर्चनानं विचारलं, "आई, संडासले बरं आहे न?" मी म्हटलं, "राणीसारखं." हाताला मेंदी लावली असं नातीला सांगितलं. पायात मोजे घातले, थंडी वाजते म्हणून. लहानपणी पोट दुखत नसताना मी असं कण्हायचे की आई रडायची. आता पोटात सुरी फिरत होती आणि मी गाणं गुणगुणत होते. दोन्ही वेळा लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. एवढी कला होती माझ्यात.

मोजे

मंडईच्या दिवशी मी खोलीच्या खिडकीतून ओसरी पाहत होते. विमल नवं लुगडं नेसून सतरंजीवर बसली होती. बाया येऊन तिला कुंकू लावत होत्या.

"कुठून काढलं वो, विमलबाई? हाडातून काय?"

"हातातून. मशीननं. काही दुखत नाही," ती म्हणत होती, आणि बाही सरकवून सुईची जागा दाखवत होती. जागा कधीच भरून आली होती. तरी बाया वाकून पाहत होत्या.

"सिंधूबाईले आता तुझीच ताकद."

विमलनं खिडकीकडे पाहिलं. मी हात हलवला, मूठ मिटून, म्हणजे तळवा दिसू नये. तिचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, बरं झालं मी बोलले नाही. हे मी आजही म्हणते की नाही, ते मला ठरवता येत नाही.

दुपारी जेवणं आटोपली. विमलचं धान शेतात कापून पडलं होतं, तिला चारच्या बसनं परतायचं होतं. हात धुऊन, मास्क लावून ती माझ्या खोलीत आली आणि पाया पडायला वाकली. मग थांबली.

"मोज्यावरून पाया पडू काय? काढ."

"राहू दे, थंडी आहे."

"अवं काढ न. मोज्याचा आशीर्वाद घेऊन जाऊ?"

मी पाय मागे घेतला. तिनं तो धरला आणि मोजा ओढला. मोज्याबरोबर कातडीचा एक पापुद्रा निघून आला. तळपाय लालभडक होता. विमल खाली फरशीवरच बसली. तिनं दुसरा मोजा काढला. मग माझी मूठ उघडली.

"कवापासून?"

"कालच झालं, विमल."

"कवापासून, बाई?"

तिच्या मागून अर्चना आत आली होती. तिनं चादर ओढली, गादी वर केली. रिकामी पाकिटं फरशीवर पडली. कोणी मोजली नाहीत. मोजायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "नऊ दिवस."

विमलनं विचारलं नाही की का. तिला समजलं. बाहेर ओसरीवर बाया अजून बसल्या होत्या, तिचं कौतुक चाललं होतं, आणि आत ती माझा पाय मांडीवर घेऊन बसली होती, डोळे कोरडे.

प्रमोदनं शेजाऱ्याची गाडी आणली. स्वयंपाक तसाच राहिला, पाहुणे तसेच राहिले. लाखनीपासून नागपूरपर्यंत विमलनं माझे पाय मांडीवरून खाली ठेवले नाहीत.

परत घ्या

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "पहिल्या दिवशी हात दाखवायला आला असतात तर गोळी वाढवून, मलम देऊन कदाचित आटोपलं असतं. कदाचितच, मी खात्री देत नाही. आता आतड्याला लागलं आहे."

स्टेरॉइड सुरू झालं. चेहरा भोपळ्यासारखा सुजला, साखर चढली, मांड्यांतला जोर गेला. मी उठून उभी राहू शकत नाही. जुलाबात रक्त यायला लागलं. तोंडावाटे खाणं बंद केलं, आतड्याला आराम म्हणून. शिरेतून दुधासारखं पांढरं काहीतरी देतात, तेच जेवण. सिस्टर दर वेळी भांडं मापून लिहितात. मी अंगात लंगोट बांधून पडलेली असते. लाज पहिल्या आठवड्यात संपली. नंतर जे उरतं त्याला काय म्हणतात मला माहीत नाही.

विमल सानगडीला परत गेली नाही. तिचं धान तिच्या जावयानं उचललं. चौथ्या-पाचव्या दिवशी मॅडम तपासून निघाल्या, तर ती दारात आडवी आली.

"मॅडम, माझं रक्त परत काढून घेता येत नाही काय?"

"नाही ताई. आता ते त्यांचंच आहे."

"थे तिले खाऊन राहिलं न पण."

मॅडम म्हणाल्या, "ज्या पेशी हे करताहेत त्याच त्यांचा कॅन्सर अडवताहेत. त्यांना मारायचं नाही, आवरायचं आहे." मग नेहमीसारखं, "प्रयत्न चालू आहे."

स्टेरॉइडनं आवरलं नाही. सहा दिवसांपूर्वी नवी गोळी सुरू केली आहे. गोळीपुरतं पाणी मिळतं. मी तो घोट तोंडात फिरवत ठेवते.

तुमच्यापैकी कोणी या वाटेवर असेल तर हे वाचा. तळवे रोज उजेडात पाहा, पाहायला दुसऱ्यालाही लावा. संडासचं खोटं बोलू नका. ज्यानं पेशी दिल्या त्याचा जीव दुखेल म्हणून गप्प राहू नका. त्याचं मन राखायला तुमची आतडी नाहीत. आणि सगळं नीट करूनही मास्तरांसारखं होऊ शकतं, हेही मी लपवणार नाही. तरी सांगा. मास्तरांनी काही तरी मिळवलं असेल तर ते हे की त्यांच्या बायकोला माझ्या बहिणीसारखं बसून राहावं लागलं नाही, आपल्याला का सांगितलं नाही हे विचारत.

काल

अर्चना नागपूरच्या खोलीवर राहून रोज विमलसाठी डबा पाठवते. काल तिचा फोन आला. "आई, मावशीचा डबा रोज भरलेला परत येऊन राहिला. मी विचारलं त म्हणते कॅन्टीनमध्ये जेवली."

विमल खिडकीशी स्टुलावर बसली होती. लुगडं अंगावर ढिलं झालं होतं. मी इतके दिवस माझ्याच पोटाकडे पाहत होते, तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

"जेवली काय?" मी विचारलं.

"हाव. कॅन्टीनमध्ये."

"काय होतं?"

"भात."

"खोटं बोलता येत नाही तुले. माझ्याकडून शिकायला पाहिजे होतं."

ती म्हणाली, "तुझ्या तोंडात घोटभर पाणी जाते, अन् मी काय घास घेऊ? मले गिळवत नाही." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "बाई, मी दिलं नसतं त तुझे हे हाल झाले नसते न?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. माझ्याकडे नेहमीच तयार असतं. असं काही नाही, विमल, मी बरी होऊन राहिली, मॅडम म्हणत होत्या दोन दिवसांत सुटी देतो. तोंडापर्यंत आलं होतं.

"नसते झाले," मी म्हटलं. "पण मी पोळ्याच्या आधीच मेली असती."

"अन् आता?"

"आता मले माहीत नाही. मॅडमलेही माहीत नाही." आणि मग जे मी प्रमोदला सांगितलं नव्हतं, अर्चनाला नाही, काचेच्या खोलीत भिंतीलाही नाही, ते म्हटलं. "मले भेव लागते, विमल. रोज लागते."

ती उठली. मला वाटलं बाहेर जाऊन रडेल. तिनं बेसिनवर हात धुतले, कोपरापर्यंत, सिस्टरनं शिकवले तसे. मग पिशवीतून डबा काढला.

"तुले वास येईल. बाहेर बसू काय?"

"इथंच बस."

भात होता, वरण होतं, वांग्याची भाजी होती. पहिला घास तिनं बराच वेळ चावला. दुसरा लवकर गेला. मग ती भुकेलेल्या माणसासारखी जेवायला लागली, मान खाली घालून, मोठे घास. मी बावीस दिवसांत काही खाल्लं नाही. मी तिच्या प्रत्येक घासाकडे पाहत होते, तिचा हात डब्यातून तोंडाकडे जाईपर्यंत, आणि परत. शेवटचा घास उरला तेव्हा ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. तिनं तो खाल्ला.